बोली लावण्याआधी खण बाहेर काढा: लिलावातली जुनी वस्तू कशी पारखायची

लिलावाच्या दिवशी हातोडा पडताना बघायला मजा येते, पण घ्यायचं की नाही हे त्या दिवशी ठरवायचं नसतं. ते ठरवायचं आधी, वस्तू मांडून ठेवलेल्या असतात आणि जवळ जाऊन हात लावून पाहता येतात तेव्हा. मी जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करते. लिलावात घेतलेली कपाटं, पेट्या, मेजं नंतर माझ्याकडे येतात आणि मालक हळूच विचारतात, "हे खरंच जुनं आहे ना हो?" हा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारायचा असतो. त्यासाठी मी लागत नाही, तुमचं तुम्हालाच बरंचसं कळू शकतं.

सुरुवात कॅटलॉगपासून. फोटो नंतर बघा, आधी वाक्यं वाचा. लिलावघरं शब्द फार जपून वापरतात, कारण जे छापलं त्याची जबाबदारी अंगावर येते. चित्राखाली चित्रकाराचं पूर्ण नाव असेल तर ते चित्र त्याचंच आहे असं त्यांचं मत. 'ॲट्रिब्युटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच काळातल्या, त्याच्या जवळपासच्या कुणाचं तरी. 'मॅनर ऑफ' म्हणजे त्याच्या धर्तीवर नंतर कधीतरी काढलेलं, आणि 'आफ्टर' म्हणजे सरळ नक्कल. 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांतला फरक तर नवख्याच्या लक्षातच येत नाही. दुसऱ्याचा अर्थ एवढाच, की सही आहे. कुणी केली ते आम्हाला विचारू नका. सामानाच्या बाबतीत 'स्टाइल' हा शब्द दिसला की थांबा. 'जॉर्जियन' (म्हणजे इंग्लंडमधलं, अठराव्या शतकाच्या आसपासचं) आणि 'जॉर्जियन स्टाइल' यांत शंभर-दीडशे वर्षांचं अंतर असू शकतं. 'अठरावं शतक अँड लेटर' असं असेल, तर पाय एका काळातले आणि माथा दुसऱ्या काळातला असण्याची तयारी ठेवा.

मग कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल मागवा, आणि तो लेखी मागवा. "वस्तू कशी आहे?" असं विचारलंत तर "वयाच्या मानाने चांगली" असं गुळमुळीत उत्तर येईल. नेमकं विचारा: मागची फळी मूळची आहे का, पाय कापले किंवा बदलले आहेत का, मुठी कधीच्या, आरसा नवा आहे का. बहुतेक ठिकाणी माल 'आहे तसा' विकला जातो, त्यामुळे नंतर तक्रारीला फारसा वाव राहत नाही.

आता पाहायला जाताना बरोबर काय न्यायचं? टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी आणि एक लहानसं चुंबक. कपाट किंवा खणांचं मेज असेल तर दर्शनी बाजू शेवटी बघा. ती सगळ्यांनी घासूनपुसून ठेवलेलीच असते. तिथल्या माणसाला विचारून एक खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा.

पहिली नजर कोपऱ्यावर टाका. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे दातांत दात घालून जोडतात, तो डोव्हटेल सांधा. हाताने कापलेले दात कमी असतात, थोडे कमीजास्त रुंद असतात, आणि कारागिराने खुणेसाठी ओढलेली बारीक रेघ बऱ्याचदा तशीच राहिलेली असते. सगळे दात एकसारखे, सारख्या अंतरावर असतील तर ते यंत्राचं काम, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. मग तळाच्या फळीवर टॉर्च आडवी धरा. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि जरा वेड्यावाकड्या जातात. धनुष्यासारख्या वळलेल्या खुणा गोल करवतीच्या, आणि ती एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली. सन 1750 चं म्हणवणाऱ्या मेजाच्या तळाला तशा कमानी दिसल्या, तर निदान ती फळी तरी 1750 ची नाही.

नंतर झीज. खण वर्षानुवर्षं आतबाहेर होतो तेव्हा त्याची खालची कड झिजते आणि ज्या पट्टीवर तो सरकतो तीही झिजते. दोन्ही झिजा एकमेकींशी जुळायला हव्यात. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल तर एकतर पट्टी बदलली आहे, नाहीतर खण दुसऱ्याच मेजाचा आहे. आतलं, न दिसणारं लाकूड कोरडं, निस्तेज, कुठे गडद कुठे फिकं असं असावं. आतून सगळीकडे सारखाच तपकिरी रंग मारलेला असेल तर मी तिथल्या तिथे मागे फिरते. खणाच्या आत रंग लावायचं एरवी कुणाला काय पडलंय?

मुठींच्या जागी आतून बुजवलेली जादा भोकं दिसली तर मुठी बदलल्या आहेत. हा काही गुन्हा नाही, किमतीचा मुद्दा आहे. स्क्रू काढता येत असेल तर टोक बघा: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक स्क्रू टोकाला बोथट असत, आणि हातच्या स्क्रूची खाच बरोबर मध्यावर असेलच असं नसे. गोल मेज असेल तर माथा दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे अखंड लाकडाचा खरा जुना गोल माथा आता किंचित लंबगोल झालेला असतो. तंतोतंत गोल निघाला तर कान टवकारा.

माझी सगळ्यात आवडती खूण किड्याची. लाकूड पोखरणारा भुंगा बाहेर पडताना पृष्ठभागावर छोटं गोल भोक पाडतो. त्याचा बोगदा आत असतो, वरून दिसत नाही. पृष्ठभागावर लांबच लांब उघडे चर दिसत असतील, तर किड्याने खाल्ल्यानंतर ते लाकूड कापलं किंवा रंधलं आहे. म्हणजे जुन्या फळ्या आणून नवं 'जुनं' कपाट उभं केलंय. कितीही गोड कहाणी सांगोत, हे चर खोटं बोलत नाहीत.

बाकी वस्तूंचं थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत नाही. चांदी म्हणून दाखवलेल्या वस्तूवर 'ईपीएनएस' अशी अक्षरं असतील तर तो मुलामा. विजेने मुलामा देण्याचं एल्किंग्टन या इंग्लिश कारखानदारांचं पेटंट 1840 चं, त्यामुळे त्याआधीची अशी वस्तू असूच शकत नाही. चिनी मातीच्या भांड्याखाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची खूण दिसली म्हणून ते माइसेनचं, म्हणजे त्या नावाजलेल्या जर्मन कारखान्याचं होत नाही. त्या खुणेइतकी नक्कल क्वचितच कशाची झाली असेल. देशाचं नाव छापलेलं असेल तर भांडं बहुधा 1891 नंतरचं, कारण अमेरिकेने आयात मालावर ते त्या वर्षापासून सक्तीचं केलं. नाण्यांबद्दल एकच: घासलेलं, चकाकणारं जुनं नाणं घेऊ नका, आणि घेतलेलं नाणं घासू नका. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं काही असेल तर परवाने समजून घेतल्याशिवाय बोलीच लावू नका. सरहद्दीवर अडकलेली वस्तू कोणाच्याच कामाची नाही.

वस्तू पसंत पडली की हिशेब. हातोडा पडतो ती तुमची किंमत नव्हे. त्यावर बायर्स प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन), त्यावर कर, ऑनलाइन बोली लावलीत तर त्या मंचाचं शुल्क, आणि शेवटी वाहतूक. टक्का कॅटलॉगच्या अटींत दिलेला असतो. समजा प्रीमियम 25 टक्के आहे आणि तुमच्याकडे एकूण 10,000 आहेत. इथे लोक 25 टक्के वजा करून 7,500 वर थांबतात. बरोबर आकडा 8,000, कारण 8,000 वर 25 टक्के म्हणजे 2,000. कर आणि गाडीभाडं धरलंत की तो आणखी खाली येईल. कॅटलॉगमध्ये छापलेल्या किमतीच्या अंदाजाला भुलू नका. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकत नाहीत ती, साधारणपणे खालच्या अंदाजाच्या वर नसते, आणि खालचा अंदाज मुद्दाम कमी ठेवून गर्दी जमवणं ही जुनी युक्ती आहे.

तो शेवटचा आकडा कागदावर लिहा. तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून तीन अभियंत्यांनी 1971 मध्ये दाखवून दिलं, की अनेकजण अंदाजाने बोली लावतात तेव्हा जिंकतो तो बहुधा किमतीचा सर्वांत फुगवलेला अंदाज करणारा. खणांच्या मेजाला हे तितकंच लागू आहे. माझा भाचा मनगटी घड्याळं जमवतो, आणि ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटाला डाव टाकायची त्याला भारी हौस. पण पुष्कळ मंचांवर शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे ही हुशारी वाया जाते आणि नुसतं रक्त तापतं. तुमचंही तापत असेल तर जाऊच नका. लेखी बोली आधी देऊन मोकळे व्हा. दोन लेखी बोल्या सारख्याच रकमेच्या आल्या तर सहसा आधी आलेली धरतात, म्हणून ती लवकर द्या.

वस्तू मिळाली तर उचलण्याची मुदत बघून ठेवा, नाहीतर साठवणुकीचे पैसे चढतात. कपाट माथ्याला धरून उचलायचं नाही. खण काढून वेगळे न्यायचे, दारं पट्टीने बांधायची. लॉटचा (लिलावातल्या त्या वस्तूचा) कागदी क्रमांक खरवडून काढू नका, पावती आणि कॅटलॉगचं पान त्याच्याबरोबर जपा. पुढे विकायची झाली तर हाच पुरावा. आणि घरात घेण्याआधी वस्तू काळ्या कागदावर काही आठवडे वेगळी ठेवा. कागदावर ताजी, फिकट भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे. लहान साधी लाकडी पेटी असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे 18 अंशाला दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवता येते, आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानावर येईपर्यंत प्लास्टिक सोडायचं नाही. रंगवलेली, जडावाची किंवा व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेली असेल तर मात्र फ्रीझरच्या वाटेला जाऊ नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या.