‘आमच्यात दात असलेच’ म्हणण्याआधी या चुका टाळा

खानापूर असो की निपाणी, दातांच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर हे ऐकू येतंच: “आमच्यात दात असलेच हो, हिच्या आज्जीचेपण तसेच.” यात तथ्य आहे. कीड लागण्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलंय. इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, किती भक्कम तयार झालं, लाळ कशी आहे, यात जनुकांचा हात असतो. पण वाट्यालाच नशीब समजून उपचार सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

कीड आणि झीज यांतही गल्लत होते. माझी आज्जी निपाणीची. तिचे दात हिरड्यांपाशी खाचा पडून पिवळे झालेले, गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. “आमच्या माहेरचे दातच मऊ,” म्हणायची. पण तिची आई मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची, तीही लावायची, आत्याही. माहेराहून आला होता तो मिश्रीचा डबा. झिजलेलं इनॅमल परत येत नाही, आणि तंबाखूनं तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच.

खरा आनुवंशिक दोष ओळखता येतो. दात उगवतानाच पिवळे-तपकिरी, खड्ड्याखड्ड्यांचे असतात, टवके उडतात. दुधाचे पडून नवे आले तरी तेच. याला अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. तो विरळा आहे, पण “दुधाचेच दात, पडतील” म्हणत थांबू नका. याच्या एका प्रकारातलं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून बापाकडून ते सगळ्या मुलींना जातं, मुलांना नाही. भावाचे दात चांगले म्हणून पोरीला “तूच घासत नाहीस” असं कृपा करून बोलू नका.

गळीत हंगामात चिकोडीकडे पोरांच्या हातात दिवसभर ऊस नाहीतर गुळाचा खडा असतो. जेवणानंतर एकदा खाल्लेल्या कुंद्यापेक्षा (बेळगावची दुधाची मिठाई) हे सारखं चघळणं जास्त वाईट, कारण लाळेला साखरेतून तोंडात होणारं आम्ल निवळायला उसंतच मिळत नाही. चिंच, लिंबू खाल्ल्यावर लगेच ब्रशही नको. अर्धा तास जाऊ द्या.

महिन्यातून एकदा लेकराला खिडकीपाशी उजेडात घेऊन वरचा ओठ उचला. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते, आणि तिथून दात अजून सावरतो. डॉक्टरांना दाखवा, घरात कुणाचे दात कसे होते तेही सांगा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर फक्त थुंकायला लावा, चूळ नको.