स्ट्रगल करणाऱ्या चित्रकारावर विनोदी मांगा काढायचीय? मग आधी हे वाचा

स्वतःच्या स्ट्रगलवर मांगा, म्हणजे जपानी पद्धतीचं कॉमिक, काढायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं, पण पहिल्याच पानावर पावसात भिजणारा हिरो आणि डोळ्यात पाणी, आणि वाचणारा तिथंच कंटाळतो. असं नका करू प्लीज.

सुरुवात करायच्या आधी हिदेओ आझुमाची 'शिस्सो निक्की' मिळवून वाचा, मूळ जपानी 2005 ची आहे, इंग्रजीत 'डिसअपिअरन्स डायरी' नावाने आहे. आझुमा स्वतः चांगलं नाव कमावलेला मांगाकार, 1989 मध्ये हातातलं काम टाकून घरातून गायब झाला, झाडीत झोपला, कचऱ्यातलं खाल्लं, 1992 मध्ये पुन्हा एकदा घरातून पळाला आणि गॅसच्या पाइपलाइनवर मजुरी केली, पुढे दारूपायी हॉस्पिटलात भरती. आणि हे सगळं काढलंय कसं तर गोलमटोल, गोंडस माणसं! पोलीस पकडतात तर तिथला एक पोलीस त्याचाच फॅन निघतो आणि चित्र काढून वर 'स्वप्न' लिहून द्या म्हणतो. हा प्रसंग मी कितीतरी वेळा वाचलाय, दर वेळी हसू येतं आणि घशात काहीतरी अडकतं पण.

तर पहिलं काम, भावना लिहू नका, प्रसंग लिहा. भाडं किती थकलं होतं, रात्री काय खाल्लं, शाई संपल्यावर काय केलं, असं अगदी बारीकसारीक. विनोद तिथूनच येतो, वरून जोक चिकटवावा लागत नाही. चित्र काढताना लांबून काढा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसू दे, चेहऱ्याचा क्लोजअप आला की वाचणाऱ्याला दया येते आणि हसू मरतं.

मग 'नेम'. जपानमध्ये पानाच्या कच्च्या आराखड्याला हेच म्हणतात, साध्या कागदावर चौकटी, संवादाचे फुगे, ढोबळ माणसं, बास. खरी मेहनत इथेच करा, तीनदा चारदा बदला, कारण पेन लागल्यावर बदलायचं कुणाच्याच जिवावर येतं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून पान उलटायच्या आधीची शेवटची चौकट डाव्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात येते, तिथे माणूस दार उघडताना दाखवा आणि दारामागे काय आहे ते पान उलटल्यावरच. मराठीत डावीकडून उजवीकडे काढणार असाल तर हे सगळं उलटं करा.

पहिल्यांदा 8 पानं पुरेत, 200 पानांची गाथा नको. आधी शिसपेन्सिल, मग शाई, मग खोडरबर, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय रबर फिरवू नका, सगळं पान काळं होतं.

तिकडे जपानमध्ये नवीन पोरं पानं घेऊन थेट प्रकाशकाच्या ऑफिसात जातात, 'मोचिकोमी' म्हणतात त्याला, एडिटर समोर बसूनच वाचतो. तुम्ही निदान एका माणसाला समोर बसवून वाचायला द्या, मधे काही समजावू नका, तो कुठल्या चौकटीवर थांबतो आणि कुठे हसतो तेवढं फक्त बघा आणि जिथे अडखळला त्या पानाचा नेम परत काढायला घ्या.