विंडोजवर पीएचपी आणि अपाची हाताने बसवायचं कसं

एक्झॅम्पसारखं (अपाची, पीएचपी सगळं एकत्र देणारं) तयार पॅकेज टाकलं की दहा मिनिटांत सगळं चालू होतं, मान्य. पण काही बिघडलं की नक्की कुठे बघायचं तेच कळत नाही, म्हणून एकदा तरी हे हाताने जोडून बघा. (खाली कमांड आणि फाईलची नावं देवनागरीत दिलीयेत, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ब्राउझरला पीएचपी कळत नाही. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो, सर्व्हर (आपल्याकडे अपाची) ती फाईल पीएचपीकडे देतो, पीएचपी ती चालवून एचटीएमएल बनवतो आणि तेच परत येतं. त्यामुळे फाईलवर डबलक्लिक करून काही होत नाही, ॲड्रेस बारमध्ये सुरुवातीला लोकलहोस्टच (म्हणजे आपलाच संगणक) पाहिजे.

पीएचपीच्या अधिकृत साईटवरून विंडोजची ६४ बिटवाली झिप घ्या. तिथे थ्रेड सेफ आणि नॉन थ्रेड सेफ असे दोन प्रकार दिसतील, आपल्याला अपाचीत मॉड्यूल म्हणून लावायचंय तेव्हा थ्रेड सेफ. चुकून दुसरी घेतली तर अपाचीला लागणारी डीएलएल फाईल तिच्यात नसतेच, आणि मग शोधत बसा. झिप सी:/पीएचपी मध्ये उघडा, आतल्या पीएचपी.आयएनआय-डेव्हलपमेंट फाईलची कॉपी करून तिचं नाव पीएचपी.आयएनआय ठेवा, हा फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) टाका. आता नवीन कमांड प्रॉम्प्ट उघडून (आधीपासून उघडा असलेला चालणार नाही, त्याला नवा पाथ माहीत नसतो) पीएचपी -व्ही मारा. व्हर्जन दिसलं तर झालं. व्हीसीरनटाईम१४० सापडत नाही असा मेसेज आला तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल टाका.

अपाचीच्या नादी लागायच्या आधी पीएचपी एकटं चालतंय का बघून घ्या. एक रिकामा फोल्डर, त्यात इंडेक्स.पीएचपी, आणि त्यात एवढीच ओळ:

<?पीएचपी पीएचपीइन्फो();

मग त्याच फोल्डरमधून पीएचपी -एस लोकलहोस्ट:८००० मारा, यातला एस कॅपिटल हं. हा छोटा सर्व्हर ५.४ पासून पीएचपीच्या पोटातच आहे, फक्त टेस्टिंगपुरता. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडलं की जांभळट रंगाचं लांबलचक पान दिसेल. मला पहिल्यांदा हे दिसायला अख्खी दुपार गेली होती कारण नोटपॅडने फाईल सेव्ह केली होती इंडेक्स.पीएचपी.टीएक्सटी नावाने आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवत होतं! एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाईल एक्स्टेन्शन दाखवायला लावा, आत्ताच.

आता अपाची. अपाची लाउंज या साईटवरून विंडोजची झिप घ्या, सी:/अपाची२४ मध्ये उघडा. कॉन्फ फोल्डरातली एचटीटीपीडी.कॉन्फ उघडून शेवटी या तीन ओळी:

लोडमॉड्यूल पीएचपी_मॉड्यूल "सी:/पीएचपी/पीएचपी८अपाची२_४.डीएलएल"
ऍडहँडलर ॲप्लिकेशन/एक्स-एचटीटीपीडी-पीएचपी .पीएचपी
पीएचपीआयएनआयडिर "सी:/पीएचपी"

स्लॅश सरळच ठेवा, विंडोजचा उलटा नको. त्याच फाईलमध्ये डिरेक्टरीइंडेक्स शोधून तिथे इंडेक्स.पीएचपी आधी लिहा, नाहीतर अपाचीचं आपलं 'इट वर्क्स' पानच येत राहील. मग बिन फोल्डरमध्ये जाऊन एचटीटीपीडी -टी मारा, टी स्मॉल. सिंटॅक्स ओके आलं तर नुसतं एचटीटीपीडी मारून सर्व्हर चालू करा आणि ती खिडकी तशीच उघडी ठेवा. तुमच्या फाईली जाणार एचटीडॉक्स फोल्डरमध्ये.

चालूच झाला नाही तर बहुतेक वेळा भांडण ८० नंबरच्या पोर्टवरून असतं, दुसरं कुणीतरी तिथे आधीच बसलंय. नेटस्टॅट -एएनओ मारा, ज्या ओळीत :८० आणि लिसनिंग दिसतं तिच्या शेवटचा आकडा टास्क मॅनेजरमध्ये शोधला की कोण ते कळतं. पण त्याला हुसकावण्यापेक्षा कॉन्फमध्ये लिसन ८० च्या जागी लिसन ८०८० करणं सोपं, मग पत्ता लोकलहोस्ट:८०८०.

सर्व्हर चालू आहे पण पानाऐवजी तुमचा कोडच दिसतोय किंवा व्ह्यू सोर्समध्ये सापडतोय? मग ऍडहँडलरची ओळ चुकलीये, अपाचीने फाईल पीएचपीकडे न देता तशीच पुढे ढकलली.

डेटाबेस लागणार असेल तर पीएचपी.आयएनआयमध्ये एक्स्टेन्शन=मायएसक्यूएलआय (मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा भाग) समोरचा अर्धविराम काढा, एक्स्टेन्शन_डिरलाही "सी:/पीएचपी/ईएक्सटी" असा पूर्ण पत्ता द्या, आणि अपाची बंद करून परत चालू करा, कारण मॉड्यूल म्हणून लावल्यावर ही फाईल फक्त सुरू होतानाच वाचली जाते. बदल लागला की नाही ते त्या जांभळट पानावर मायएसक्यूएलआय शोधून बघा.