पहिली-दुसरीतल्या लेकराला घरी वाचायला कसं शिकवायचं

लेकरू 'वाचतंय' म्हणून घरचे खुश असतात आणि बऱ्याचदा त्याचा धडा नुसता तोंडपाठ झालेला असतो. हे ओळखायला सोपंय, धड्यातल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं हे काय लिहिलंय, लेकरू जर वरच्या ओळीपासून म्हणत म्हणत तिथपर्यंत यायला लागलं तर समजायचं पाठ आहे, वाचन अजून व्हायचंय. त्यावर रागवू नका. पाठ होणं चांगलंच, पण वाचन वेगळं शिकवावं लागतं आणि ते घरी रोज पंधरा-वीस मिनिटांत जमतं, आईबापाची शाळा कमी झालेली असली तरी.

सगळ्यात आधी एक विनंती, अ ते ज्ञ सगळी अक्षरं पाठ झाल्याशिवाय शब्द नाही हा हट्ट सोडा. बाराखडी चालीवर म्हणता येणं आणि 'की' कुठंही दिसली तरी ओळखू येणं यात लई फरक आहे. त्यापेक्षा चार-पाच गोष्टी घ्या आणि लगेच शब्द करा. समजा क, म, न आणि काना एवढंच घेतलं, तर काका, मामा, नाना, काम, कान, नाक, मान, मका, कमान इतके शब्द झाले की! लेकराला पहिल्याच आठवड्यात खरंखुरं काहीतरी वाचता येतं आणि त्याचा चेहराच बदलतो. मग र आणि ळ घाला, रान, नळ, माळ, काळा, आणि 'नाना, काम करा' असं अख्खं वाक्यसुद्धा होतं. अक्षर शिकवताना त्याचा नुसता आवाज सांगा, नाहीतर मका वाचताना ते 'म मगरीचा, क कमळाचा' म्हणत बसतं आणि शब्द राहतो बाजूला.

आता खरी अडचण इथं येते. लेकराला अक्षरं येतात, ते म... का... म्हणतं आणि थांबतं, जोडताच येत नाही. अशा वेळी 'अरे मका, एवढं पण येत नाही का' म्हणू नका. अक्षरांखालून बोट न उचलता सरकवायचं आणि आवाज पण तसाच ओढत न्यायचा, मsss-का, मग जरा पटकन, मग एकदम. 'बसला' सारख्या शब्दात तर लेकरू ब-स-ला असं सुटं म्हणतं आणि आपण बोलताना 'बस्ला' म्हणतो, म्हणून 'आता आपण बोलतो तसं पटकन म्हण बरं' एवढं सांगितलं की त्याला आपोआप कळतं. याच्यासाठी तोंडी खेळ पण चांगला, भाकर म्हटलं की शेवटचा आवाज र, मग र वरून रान, त्याच्या न वरून नाक, असा पुढचा पुढचा शब्द. भाकरी थापता थापता, रानात जाता जाता होतो, वही-पेन लागत नाही.

काना पक्का झाला की मग बाकीच्या खुणा एकेक करून. पहिली वेलांटी लेकरांना हमखास अडवते कारण ती अक्षराच्या आधी लिहितात आणि म्हणायची मात्र नंतर, तर ती दुसऱ्या वेलांटीच्या नंतर शिकवली तरी काही बिघडत नाही. घ आणि ध, भ आणि म असली सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका, एक पक्कं होऊ द्या मग दुसरं.

सरावाला शब्द शोधत बसायची गरज नाही, आपल्या एसटी स्टँडवर गावांच्या पाट्यांत सगळं व्याकरण उभं असतं. वसमत बघा, एक काना-मात्रा नाही, सरळ चार अक्षरं. जालना म्हणजे दोन काने. परळी, बीड म्हणजे दुसरी वेलांटी. केज मध्ये एक मात्रा, पैठण मध्ये दोन, सेलू मध्ये मात्रा आणि उकार, कळंब आणि अंबड अनुस्वाराला, हिंगोली-निलंगा पहिल्या वेलांटीला. रफार शिकवायचा तर अर्धापूर आणि धर्माबाद आहेतच, र डोक्यावर बसलाय आणि म्हणायचा मात्र त्या अक्षराच्या आधी. छत्रपती संभाजीनगर शेवटी ठेवा, जोडाक्षर आहे आणि नाव पण लांब. लेकराला गावांची नावं कानाला माहीत असतात, आत्याचं गाव, मामाचं गाव, म्हणून अर्धं वाचलं तरी पुढचं त्याला सुचतं आणि मग ते परत अक्षरं बघून खात्री करतं, वाचन असंच पक्कं होतं. स्टँडवर जाणं होत नसेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात नावं लिहून पाट्या करा.

अजून एक खेळ, चिठ्ठ्यांचा. चिठ्ठीवर काम लिहायचं, 'ऊठ', 'नाक धर', 'पाणी आण', 'आजीजवळ बस'. लेकरानं मनात वाचायचं आणि बोलायचं काहीच नाही, करून दाखवायचं. यात अर्थ कळला का नाही ते लगेच दिसतं. दोन लेकरं असली तर एकानं लिहायचं दुसऱ्यानं करायचं, मग लिहिणं पण येतं.

'आहे' लिहिलंय आणि लेकरू 'हाय' वाचतंय, तर ओरडू नका, त्याला अर्थ कळलाय म्हणूनच ते घरच्या बोलीत निघालंय. 'बरोबर, आता अक्षरं बघून सांग' एवढंच म्हणा. बंजारा तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात, काही घरांत दखनी उर्दू, तिथं वाचलेल्या शब्दाला आपल्यात काय म्हणतात ते विचारायचं, शब्द ओळखीचा झाला की टिकतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला बीडकडची कितीतरी माणसं जातात, लेकरं एकतर आजीजवळ राहतात नाहीतर कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपड्यांवर, सोबत जातात. सोबत जाणार असेल तर पाट्यांचा आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीत द्या, नवीन काही नाही झालं तरी आलेलं जाऊ नये. आणि आजीला वाचता येत नाही म्हणून ती काही करू शकत नाही असं बिलकुल समजू नका. लेकरानं तिला रोज एक पान वाचून दाखवायचं आणि तिनं विचारायचं 'मग काय झालं? तो तिकडं कशाला गेला?' हे आजीइतकं कुणालाच जमत नाही.

पुस्तकं फुकट मिळतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाइटवर मराठीत चित्रांच्या गोष्टी आहेत, पातळीप्रमाणं लावलेल्या, पहिली पातळी घ्या. एकाच पानावर पाचेक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या अवघड आहे, सोपं घ्या. अडलं की लगेच सांगू नका, मनात पाच मोजा.

महिन्यातून एकदा कुठपर्यंत आलंय ते बघायचं. खेड्यातल्या लेकरांना कितपत वाचता येतं हे बघणारा 'असर' नावाचा सर्व्हे २००५ पासून होतो, त्यातले टप्पे घरी चालतात, लेकराला कोणतीही पाच अक्षरं विचारायची, चार बरोबर आली तर पाच शब्द, त्यातले पण चार आले तर पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथं अडलं तिथून पुढं सराव, वय किंवा इयत्ता बघून नाही. सरकारनं २०२१ ला निपुण भारत हे लहान लेकरांच्या वाचन-गणिताचं अभियान सुरू केलं त्यातही तिसरीपर्यंत समजून वाचता यावं असंच ठरवलंय, म्हणजे पहिलीत नाही आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण रोज सराव करूनही दुसरी-तिसरीत अक्षरं राहतच नसतील तर मारू नका, आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि वर्गातल्या बाईंशी किंवा गुरुजींशी बसून बोला, शाळेत ते नेमकं कुठं अडतंय ते त्यांनाही विचारा.