उद्याचा भार देवावर सोपवताना

आंब्याचा मोहर टिकेल की अवकाळी पाऊस तो झडवील, हे कोकणातल्या बागायतदाराच्या हाती नसते. म्हणून सगळे आपल्याच बळावर निभेल हा हट्ट सोडून फवारणी, राखण ही आपली कामे आणि पाऊस, बाजारभाव या हाताबाहेरच्या गोष्टी प्रथम वेगळ्या कराव्यात. कामे नेटाने करावीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारे कोळीही जाळी आधीच दुरुस्त करून ठेवतात. उरलेल्या गोष्टींचे गाऱ्हाणे, ग्रामदेवतेसमोर घालतात तसे, मोठ्याने आणि नेमक्या शब्दांत घालावे, कारण मोघम प्रार्थनेत भीती लपून राहते, असे मला वाटते. मागणे मनासारखेच पुरे व्हावे, अशी अट मात्र घालू नये. हे सर्वांत कठीण आहे. रात्री चिंता परतली, तर हिशेब पुन्हा न मांडता तेच गाऱ्हाणे पुन्हा घालावे.