उन्हाचा दुपट्टा वेगळा अन् खोकल्याचा वेगळा

आपल्याकडे मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे तोंड झाकायची लाज वगैरे काही नाहीच. पण उन्हासाठी बांधतो तसाच बांधून काळीपिवळीत किंवा दवाखान्यात बसलो तर फारसा फायदा नाही हे लक्षात घ्या. तो असतो पातळ, एकाच पदराचा, अन् बोलता बोलता नाकाखाली घसरलेला.

सर्दी, कोरोना, टीबी, हे सगळं खोकताना, शिंकताना, नुसतं बोलतानाही तोंडातून जे बारीक थेंब उडतात त्यातून पसरते. म्हणून ज्याला खोकला आहे त्यानं तर आधी बांधावं, कारण थेंब निघतो तिथंच अडवणं सगळ्यात सोपं.

कपडा घट्ट विणीचा सुती घ्या, उजेडात धरून पाहा, आरपार दिसत असेल तर तो नको. घडी घालून त्याचे तीन पदर करा, नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खालपर्यंत आला पाहिजे अन् गालाजवळ फट नको, मागं गाठ अशी मारा की बोललं तरी सरकणार नाही. विकतचा मास्क असेल तर वरची तार नाकावर दाबून बसवा. समोर गोल झडप असलेला एन९५ घेऊ नका, आपला श्वास त्यातून तसाच बाहेर जातो, समोरच्याला फारसा उपयोग नाही.

फोन आला की लोक मास्क खाली ओढतात, मी पण ओढायचो, पण गप्प बसण्यापेक्षा बोलतानाच जास्त थेंब उडतात ना! आवाज वाढवा, पण मास्क राहू द्या.

घामानं ओला झाला की बदला, त्यासाठी पिशवीत दुसरा ठेवा. काढताना समोरून धरू नका, गाठ सोडून काढा, हात धुवा, अन् कपडा रोज साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा, ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना जबरदस्ती करू नका.

2021 च्या फेब्रुवारीत अमरावतीत परत लॉकडाऊन लागला तेव्हा माझी माय म्हणे, "मले जीव घाबरते बापा याच्यात." मी तिला म्हटलं, गाडीत अन् बाजारात तेवढा बांध, वावरात एकटी असली की खुशाल काढून ठेव. तेवढं तिनं ऐकलं, अजूनही दवाखान्यात जाताना बांधते.