नाणं टाकून हवा भरायचं यंत्र लावण्याआधी आणि लावल्यावर

यंत्र पसंत करण्याआधी जागा ठरवावी, आणि जागा ठरवताना हातात एक लांब दोरी असावी. गाडी उभी करून घ्यायची आणि यंत्राच्या जागेपासून चारही चाकांपर्यंत दोरी पोचते का ते पाहायचं. गाडी न हलवता पलीकडची दोन्ही चाकं गाठता आली पाहिजेत. तेवढी लांबी, वर थोडी सैल, अशी नळी घ्यावी. उगाच फार लांब घेऊ नये, जमिनीवर लोळणारी नळी चाकाखाली येते आणि तिथेच फाटते. ती गुंडाळायला रीळ किंवा निदान भक्कम आकडा हवाच. खाली काँक्रीटचा ओटा जमिनीपेक्षा थोडा उंच घालावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. तो पक्का वाळल्यावरच यंत्र बोल्टने आवळावं. रात्री नाण्याची फट आणि गेजचे (हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याचे) आकडे दिसतील इतका उजेड हवा.

विजेचं काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. वायर बारीक आणि लांब असेल तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घुमते आणि तापते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या जाडीची वायर, यंत्रासाठी वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच, यांत काटकसर करू नये. ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस या धातूच्या पेटीला हात लावणार आहे.

कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारं यंत्र, टाकीचा घ्यायचा की बिनटाकीचा, हे गिऱ्हाइकावर ठरतं. बिनटाकीच्या यंत्रात नाणं पडलं की मोटर सुरू होते आणि वेळ संपली की थांबते. ते सुटसुटीत, पण हवा सावकाश येते. टाकी असेल तर हवा झटपट मिळते, मात्र पाण्याचं दुखणं मागे लागतं. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते आणि टाकी आतून गंजते, बाहेरचा रंग तसाच चकचकीत राहतो. म्हणून तळाची ड्रेनची तोटी रोज उघडायची, दमट दिवसांत दोनदा. नुसतं पाणी आलं तर ठीक. तांबूस पाणी येऊ लागलं तर टाकी तपासणाऱ्याला बोलवायचं. कडाक्याची थंडी पडते तिथे हेच पाणी नळीत गोठून हवा अडवतं.

टाकीत दाब फार वाढला तर हवा सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह अधूनमधून हाताने ओढून पाहावा. आणखी एक आवाज कानाने टिपायची सवय लावावी: टाकीचा कॉम्प्रेसर थांबताना ‘फस्स’ करून अडकलेली हवा सोडतो. तो आवाज आला नाही, तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. बऱ्याच मोटरी जळतात त्या यामुळे, आणि दुरुस्ती असते एका छोट्या व्हॉल्व्हची.

नाण्याचा भाग चालू करण्याआधी नवी, जुनी, झिजलेली, चिकट अशी सगळी नाणी टाकून पाहावीत. हा भाग नाण्याचा व्यास, जाडी आणि धातू तपासतो, त्यामुळे मळलेलं खरं नाणंही परत येऊ शकतं. परतीची वाट मोकळी हवी. आतली धूळ कोरड्या ब्रशने काढावी, तेल कधीच सोडू नये. तेलावर धूळ बसून चिखल होतो. गल्ला उघडताना मोजणीचा आकडा आणि निघालेली नाणी जुळतात का, हे दर वेळी लिहून ठेवावं. टायमर लावताना मऊ झालेली चारही चाकं, झाकणं काढण्या-लावण्यासकट, स्वतः भरून पाहावीत. वाकायला त्रास होणाऱ्या माणसालाही तेवढ्या वेळात जमलं पाहिजे. घाईत भरलेली हवा चुकते.

आणि गेज. माझ्या मते सगळ्या यंत्रात सर्वांत जास्त जपायची वस्तू हीच. माणूस नाणं टाकतो तो आकड्यावर विश्वास ठेवून. नळीच्या टोकाच्या, हातातल्या नोझलवरचा गेज खात्रीच्या दुसऱ्या गेजशी दर महिन्याला ताडून पाहावा, आणि नळी आपटली असेल तर त्याच दिवशी. हवा वाहत असताना काटा खऱ्यापेक्षा वर दिसतो, म्हणून ‘खटका सोडून आकडा वाचा’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं. आकडे पीएसआय आणि बार या दाबाच्या दोन्ही मापांत द्यावेत. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. किती हवा भरायची ते गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, हेही पाटीवर यावं. तिसरी ओळ गरम टायरची: दूरवरून आलेल्या गाडीत दाब वाढलेला दिसतो, तो काढून टाकू नये, कारण टायर थंड झाल्यावर हवा कमी पडते.

आठवड्यातून एकदा साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर लावून बुडबुडे शोधावेत. हवेचा फिल्टर झटकावा, कॉम्प्रेसर तेलाचा असेल तर पातळी पाहावी. नोझलमधलं रबरी वॉशर झिजलं की टायरच्या व्हॉल्व्हवर नीट बसत नाही आणि हवा आत जाण्याऐवजी बाजूने सुटते. वॉशर, फ्यूज, एक नोझल आणि एक नळी कपाटात आधीच असावी. झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून कुलूप लावायचं, टाकीतली हवा पूर्ण सोडायची आणि काटा शून्यावर आल्यावरच पाना हातात घ्यायचा.

यंत्र बंद असेल तेव्हा नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही, ती अंधारात दिसत नाही. नाण्याची फटच झाकणारी पट्टी करून घ्यावी, आणि अडकलेलं नाणं कोणाकडे मागायचं तो फोन नंबर पेटीवर पुसला जाणार नाही असा कोरून घ्यावा.